बुळकांडी : एका रोगाच्या अंताचा इतिहास

१/ २५ मे २०११. पॅरिस येथे जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने घोषणा केली की, गुरांचा ‘रिंडरपेस्ट’ हा रोग आता जगातील कोणत्याही देशात उरलेला नाही. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग. मराठीत त्याचे नाव बुळकांडी. दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक गोठ्याला ठाऊक असलेला हा शब्द आज बहुतेकांना कोशात शोधावा लागतो. त्याच्या अंताची ही कथा.

२/ प्रथम रोगाची ओळख. बुळकांडीचा विषाणू हा माणसांतील गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. जनावराला तीव्र ताप येई, रवंथ थांबे, डोळ्यांतून व नाकातून स्राव वाहू लागे, हिरड्यांवर आणि जिभेखाली व्रण पडत. त्यानंतर दुर्गंधीयुक्त हगवण सुरू होई आणि शरीरातील पाणी आटून बहुतेक जनावरे आठ-दहा दिवसांत प्राण सोडत. रोगाशी पूर्वी कधीही संबंध न आलेल्या कळपात शंभरांपैकी नव्वद जनावरेही मरत.

३/ या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी यंत्रपूर्व शेती डोळ्यांसमोर आणावी लागते. नांगर, मोट, मळणी, गाडी, शेणखत या साऱ्यांच्या मुळाशी बैल होता. पेरणीच्या तोंडावर दावण रिकामी झाली, तर पाऊस चांगला होऊनही शेत पडीक राही. १८८० च्या दशकाअखेरीस बुळकांडी आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली. इथिओपियात त्यानंतर भीषण दुष्काळ पडला. १८९६ पर्यंत ही साथ खंडाच्या दक्षिण टोकाकडे पोहोचली. ज्यांचे सारे धन म्हणजे गुरे, असे पशुपालक समाज तिने उद्ध्वस्त केले.

४/ युरोपलाही हा रोग नवा नव्हता. १७११ च्या इटलीतील साथीत पोपचे वैद्य लान्चिसी यांनी औषधोपचाराचा नाद सोडून आजारी जनावरे मारावीत, मृत जनावरे पुरावीत आणि गुरांची ये-जा रोखावी, असा सल्ला दिला. हा उपाय कठोर होता, पण परिणामकारक ठरला. पुढे १७६१ साली फ्रान्समधील ल्यों येथे आधुनिक जगातील पहिली पशुवैद्यक शाळा स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागे या साथींची धास्ती हेही एक मोठे कारण होते.

५/ भारतात सरसकट कत्तलीचा मार्ग जवळजवळ बंद होता. गाय मारणे समाजाला मान्य नव्हते आणि बैल मारणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. त्यातच निदानाचा गोंधळ होता. घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत आणि बुळकांडी या सर्वांमध्ये जनावरे झपाट्याने आजारी पडत आणि सरकारी कागदांत अनेकदा एकाच ‘गुरांची साथ’ या नावाखाली जमा होत. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. या रोगांना वेगवेगळे ओळखण्याचा तो मोठा आरंभीचा प्रयत्न होता.

६/ या प्रयत्नांतूनच पुढे एक संस्था उभी राहिली, आणि तिचा जन्म पुण्यात झाला. १८८९ साली येथे ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. परंतु इतक्या संसर्गजन्य रोगावरचे प्रयोग भर वस्तीत करणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरांत, सुमारे साडेसात हजार फुटांवरील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

७/ १८९७ साली रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला येऊन गेले. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचून प्रतिकारशक्ती निर्माण करण्याचा मार्ग सुचवला होता. लवकरच पित्ताची जागा रक्तद्रवाने घेतली. रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तातील हा द्रव टोचला की तात्पुरते संरक्षण मिळे. त्याच वेळी रोगी जनावराचे रक्तही टोचले, तर संरक्षण टिकाऊ होई.

८/ येथे एक अनपेक्षित शत्रू समोर आला. टोचल्या जाणाऱ्या रक्तात बुळकांडीच्या विषाणूबरोबर गोचिडांमार्फत पसरणारे रक्तातील परजीवीही असत. परिणामी एका रोगापासून वाचवताना जनावराला दुसरा रोग दिला जाई. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी यावर तोडगा काढला. विषाणू शेळीच्या शरीरात वाढवायचा, कारण गुरांचे हे परजीवी शेळीत टिकत नाहीत.

९/ एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा प्रवास शेकडो वेळा घडवल्यावर विषाणू परजीवींपासून मुक्त तर झालाच, शिवाय गुरांसाठी सौम्यही झाला. आता रक्तद्रवाची जोड न देता तो एकटाच लस म्हणून टोचता येऊ लागला. एका टोचणीत दीर्घकाळ संरक्षण मिळे आणि खर्चही अल्प होता. परजीवी टाळण्यासाठी काढलेल्या वाटेवर लस सापडली होती.

१०/ दरम्यान रोगाने आंतरराष्ट्रीय राजकारणही बदलले होते. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली आणि तेथे बुळकांडी पसरली. एका देशाची साथ दुसऱ्या देशाला वेळेवर कळलीच पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. १९२४ साली २८ देशांनी पॅरिसमध्ये प्राणी आरोग्याची जागतिक संघटना स्थापन केली. २०११ ची घोषणा करणारी संघटना तीच.

११/ स्वतंत्र भारताने १९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. पाच वर्षांत देशातील ऐंशी टक्के गुरे व म्हशींना लस टोचण्याचे उद्दिष्ट होते. उन्हात लस खराब होई, म्हणून बर्फात जपलेल्या बाटल्या घेऊन टोचणी करणारे कर्मचारी गावोगाव फिरले. वर्षाला हजारोंच्या घरात होणारे उद्रेक शेकड्यांवर आले. यश हाताशी आल्यासारखे वाटले आणि नेमके तेथेच ते अडले.

१२/ पुढची काही दशके रोग कमी झाला, परंतु संपला नाही. गुरांचे बाजार आणि व्यापाराचे मार्ग त्याला जिवंत ठेवत होते. लसीचीही एक मर्यादा होती. अर्धवट लसीकरण झालेल्या प्रदेशात रोग दबून राहतो आणि सहज दिसत नाही. रक्ततपासणीत प्रतिपिंडे सापडली, तरी ती लसीची की खऱ्या संसर्गाची, हे सांगता येत नाही. रोग लपण्यासाठी लसीचाच आडोसा घेत होता.

१३/ शेळ्या-मेंढ्यांनी गोंधळ आणखी वाढवला. त्यांच्यात बुळकांडीसारखाच दिसणारा आजार आढळे आणि तो बुळकांडी म्हणूनच नोंदला जाई. १९८७ साली तामिळनाडूतील मेंढ्यांमध्ये एक वेगळा विषाणू असल्याचे स्पष्ट झाले. हा विषाणू पीपीआर या रोगाचा, म्हणजे बुळकांडीच्या भावंडाचा. दोघांना वेगळे ओळखणाऱ्या चाचण्या हाती आल्या, तेव्हा खरी बुळकांडी कोठे उरली आहे याचे चित्र स्वच्छ होऊ लागले.

१४/ १९९० च्या दशकात नव्या राष्ट्रीय प्रकल्पाने भर बदलला. सरसकट टोचणीऐवजी रोगाचा शोध, अहवाल आणि नेमके निदान यांना अग्रक्रम मिळाला. १९९५ साली तामिळनाडूत भारतातील शेवटचा उद्रेक झाला. त्यानंतर सर्वांत अवघड निर्णय आला : लस थांबवणे. चाळीस वर्षे जिच्या आधारावर गुरे जगली, तीच आता बंद करायची होती. अंदाज चुकला असता, तर कोट्यवधी जनावरे उघडी पडली असती.

१५/ परंतु याखेरीज पुरावा मिळणे शक्य नव्हते. लस थांबल्यानंतर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडे आढळली, तर रोग कोठेतरी जिवंत आहे. नाही आढळली, तर तो गेला आहे. गावोगाव विचारणा झाली, रक्ताचे नमुने तपासले गेले. २००६ साली भारताला संसर्गमुक्त देश म्हणून मान्यता मिळाली. जगातील शेवटची नोंद त्याआधीच, २००१ साली, केनियातील रानम्हशींमध्ये झाली होती.

१६/ बुळकांडी संपू शकली, कारण तिचा स्वभाव त्याला अनुकूल होता. विषाणूची एकच जात लसीला ओळखावी लागे, वाचलेल्या जनावराला आयुष्यभर प्रतिकारशक्ती मिळे आणि ते पुढे रोग वाहत नसे. लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूचे प्रकार अनेक आहेत, म्हणून तिच्याशी झुंज आजही चालू आहे. २०२२ साली महाराष्ट्रातील गोठ्यांनी लम्पीचाही अनुभव घेतला. आता २०३० पर्यंत पीपीआर संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे.

१७/ लसीचा इतिहास लिहिला जातो, निदानाचा क्वचितच. वस्तुतः रोग दाबला लसीने, पण तो गेला आहे हे सांगितले वासरांच्या रक्ताच्या निरंक अहवालांनी. ज्या कागदावर काहीच सापडले नाही, तोच या लढ्यातील विजयाचा दस्तऐवज होता.