माळढोक आणि शेकरू

माळढोक हा पक्षी आणि शेकरू हा सस्तन प्राणी या महाराष्ट्रात आढळणाऱ्या, परस्परांशी निकटचा संबंध नसलेल्या दोन जाती आहेत. माळढोक उघड्या माळरानावर, तर शेकरू दाट जंगलातील झाडांवर राहते. शेकरू महाराष्ट्राचा, तर माळढोक राजस्थानचा राज्यमानक आहे.

वर्गीकरण

दोन्ही जाती रज्जुमान संघात मोडतात; त्यापुढे त्यांचे वर्ग वेगळे होतात.

माळढोक – वर्ग: पक्षी, कुळ: ओटिडिडी, शास्त्रीय नाव: आर्डिओटिस नायग्रिसेप्स.
शेकरू – वर्ग: सस्तन, गण: कृंतक, कुळ: सायुरिडी (खारींचे कुळ), शास्त्रीय नाव: रॅटुफा इंडिका.

अधिवास

माळढोक कोरड्या, विरळ झुडपांच्या गवताळ प्रदेशात राहतो. सुमारे एक मीटर उंचीच्या या पक्ष्याच्या नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, धान्य व बोरे हे त्याचे खाद्य होय. मादी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते.

शेकरू केवळ भारतात आढळते. पश्चिम घाट, पूर्व घाट आणि सातपुड्यातील जंगलांत त्याचा वावर असतो. उंच फांद्यांवर काटक्या व पानांची गोलाकार घरटी बांधून ते फळे, बिया, फुले आणि झाडांची साल खाते. ते सहसा जमिनीवर उतरत नसल्याने झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणे त्याला आवश्यक असते.

संवर्धन स्थिती

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये माळढोकाचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' गटात केला. त्याची संख्या दीडशेच्या आसपास उरल्याचे मानले जाते व त्यांतील बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन होऊनही महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. समोरचे नीट न दिसणे आणि जड शरीर यांमुळे त्याला वीजवाहिन्या वेळीच चुकवता येत नाहीत. राजस्थानात त्याचे बंदिस्त प्रजनन केले जाते.

शेकरू 'कमी चिंतेच्या' गटात असले, तरी त्याची संख्या घटत आहे. जंगलांचे तुकडे पडणे व शिकार ही त्याची मुख्य कारणे होत. भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५) त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे.

संवर्धनातील फरक

झाडांची सलगता राखण्यासाठी केलेली वृक्षलागवड शेकरूस उपकारक ठरते. माळरानावर केलेली तीच लागवड माळढोकाचा अधिवास नष्ट करते. गवताळ प्रदेशाची गणना अनेकदा 'पडीक जमीन' म्हणून होत असल्याने तेथे शेती, वनीकरण व ऊर्जाप्रकल्प सहज उभे राहतात. त्यामुळे या दोन जातींना संवर्धनाचा एकच उपाय लागू पडत नाही.