मारण्यापासून बघण्यापर्यंत

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या रेहेकुरीला आता लोक गाडी करून काळवीट बघायला जातात. पर्जन्यछायेतला हा माळ काळविटाला जुनाच; बघायला जाणं तेवढं नवं. काळवीट दाट झाडीत दडत नाही. लांबवर नजर जाईल असं उघडं रान आणि पायांतला वेग, हाच त्याचा बचाव. त्यामुळे ते सहज दिसतं. आज ही पर्यटकांची सोय आहे, पूर्वी शिकाऱ्यांची होती.

मुघल दरबारात काळविटामागे शिकवलेले चित्ते सोडत. बंदिवासात चित्त्यांना पिल्लं क्वचितच होत, म्हणून रानातलेच पकडून आणत. त्याच दरबारात जहांगीरला मानसराज नावाच्या हरणाचा लळा लागला. ते मेल्यावर लाहोरजवळ शेखुपुऱ्यात त्याच्या नावे मिनार उभा राहिला आणि तिथे हरणं मारायला बंदी आली.

महाराष्ट्रात चित्त्याकरवी शिकार कोल्हापूर दरबारात विसाव्या शतकापर्यंत चालली. डोळे झाकलेला चित्ता गाडीतून माळावर नेत; कळप टप्प्यात आला की चित्तेवान त्याचे डोळे उघडी. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून मागवले गेले. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळविटाची सुटका मात्र झाली नाही. बंदूक होतीच, जोडीला जीप आणि रात्रीचे प्रकाशझोत आले.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घेतलं. १९८०मध्ये रेहेकुरी अभयारण्य झालं, अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचं. शिकाऱ्याच्या मचाणाची जागा निरीक्षण मनोऱ्याने घेतली. वारा कुठून वाहतो ते बघायचं, कपडे भडक नकोत, बोलायचं नाही, ही पर्यटकाची शिस्तही मूळची शिकाऱ्याचीच.

एवढ्याशा हद्दीत कळप मावत नाहीत. ते भोवतालच्या शिवारात चरायला उतरतात. तिथला शेतकरी माळ्यावर बसून पीक राखतो. या माळावर काळवीट बघण्याची सगळ्यात जुनी रीत ही. भरपाईची तरतूद आहे, पण आधी पंचनामा व्हावा लागतो. बादशहाने मिनार बांधला, सरकारने मनोरा. काळविटाच्या चाऱ्याचा खर्च मात्र अजून शेतकऱ्याच्याच खात्यावर पडतो.