परीक्षेच्या गुणांचा भाव

१८५९ सालीं मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश-परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या बावीसांतले. चाळणी फार बारीक होती. परंतु तींतून उतरलेल्यास दुसऱ्या चाळणीची भीति नव्हती. मॅट्रिक झाला म्हणजे कॉलेजचें दार उघडलें. फी भरण्याची ऐपत मात्र हवी.

त्या चाळणीपर्यंत पोंचणारे अर्थात् मूठभरच होते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें केलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं हीच तक्रार मांडली: सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहतें. खासगी रीतीनें अभ्यास करणारास प्रवेश-परीक्षेस बसूं देतात याबद्दल संतोष दाखवून ती सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, असेंही त्यांनीं सुचविलें. कॉलेजपर्यंत जाऊं न शकणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढें होता.

पुढें शाळा वाढल्या. मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी.नें घेतली, १९७५ पासून ती दहावीच्या अखेरीस होऊं लागली. साठ टक्क्यांस प्रथम श्रेणी, पंचाहत्तरांस विशेष प्राविण्य, हीं नांवें अद्याप चालू आहेत. परंतु नाण्यावरचा छाप तोच राहावा आणि आंतलें रुपें कमी होत जावें, तशी त्यांची गत झाली आहे.

याचा पुरावा चार वर्षांच्या निकालांत सांपडतो. महाराष्ट्रांत दहावीचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ लागला. २०१९ सालीं भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांतले शाळांच्या हातचे वीस गुण काढून घेतले, तोंच निकाल ७७.१० वर आला. एका वर्षांत मुलें मंद झालीं नव्हतीं. माप बदललें होतें. इतर मंडळांच्या मुलांस असे गुण मिळतात, मग आमच्यांनींच मागें कां पडावें, अशी ओरड झाली. ती अगदींच खोटी नव्हती. माप पुरें ठेवणारा एकटा दुकानदार बाजारांत मारच खातो. ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० झाला. त्या वर्षीं टाळेबंदीमुळें भूगोलाचा पेपर झालाच नाहीं. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले. २०२१ सालीं तर सबंध परीक्षाच रद्द झाली, आणि निकाल लागला ९९.९५!

या वाढीनें पहिल्या ओळींतल्या मुलाचें फार तर कॉलेज बदलतें. खरा फटका बसतो तो मधल्या मुलास. वेल्ह्याच्या पुढें, केळदच्या वाटेवर पासली हें गांव आहे. अशा गांवच्या मुलानें सत्तर टक्के मिळविले, तर त्यांचा भाव काय? २०२५ सालीं अकरावीचा प्रवेश सबंध राज्यांत ऑनलाईन झाला, दहा पसंत्या भरण्याची सोय झाली, आणि पासलीचा मुलगा व पुण्याचा मुलगा एकाच यादींत आले. जागांचा तुटवडा नव्हता. उत्तीर्ण झालेल्यांहून त्या लाखांनीं अधिक होत्या. परंतु फर्ग्युसनची विज्ञान शाखा नव्वदीच्या पुढेंच भरते. उरलेली जागा कोठें मिळणार, तेथवर एस्. टी. जाते काय, आणि जात नसल्यास वसतिगृह आहे काय, हे प्रश्न गुणपत्रिकेवर छापलेले नसतात. अशा गांवच्या घरांत मात्र निकालाच्या दिवशीं तेच प्रथम निघतात.