दिवसाचे ऊन, रात्रीचे पाणी

घराच्या छपरावर सौरयंत्रणा बसवायची म्हटले की पहिला प्रश्न येतो : पैसे किती वर्षांत वसूल होतील? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील गृहस्थांनी त्याचे उत्तर कसे शोधले, ते आपण पाहू.

त्या काळी तिकडे पाणी तापवायला लाकूड किंवा कोळसा जाळावा लागे. काही जण काळी रंगवलेली पाण्याची टाकी उन्हात ठेवत. पाणी तापायला दुपार उलटे आणि सूर्य मावळताच ते निवू लागे. १७६७ साली जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनी दाखवले होते, की काचेचे झाकण असलेली पेटी उन्हात १०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. प्रकाश काचेतून आत जातो. उष्णता मात्र सहजी बाहेर पडत नाही. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यांनी काळी टाकी अशा पेटीत ठेवली आणि १८९१ साली ‘क्लायमॅक्स’ नावाने तिचे पेटंट घेतले. १८९७ पर्यंत कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गावात सुमारे तीस टक्के घरांवर असे बंब दिसू लागले.

पण पाणी तापायचे आणि साठायचे ते एकाच टाकीत. रात्री टाकी उष्णता गमावी, आणि सकाळच्या अंघोळीला पाणी कोमट!

१९०९ साली विल्यम बेली यांनी ही दोन कामे वेगळी केली. काचेखालच्या काळ्या पत्र्याला बारीक नळ्या जोडल्या आणि टाकी त्यांच्याहून उंचावर, उष्णतारोधक आवरणात ठेवली. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, थंड पाणी खाली येई. पंपाची गरजच नाही. यंत्राचे नावही त्यांनी ‘डे अँड नाइट’ ठेवले. किंमत अधिक असूनही लोकांनी तेच घेतले. १९१३ च्या कडाक्याच्या थंडीत नळ्यांतले पाणी गोठून प्रसरण पावले व नळ्या फुटल्या. तेव्हा बेलींनी नळ्यांत अल्कोहोलमिश्रित पाणी फिरवून त्याची उष्णता टाकीतल्या पाण्याला दिली. पुढे १९२० नंतर स्वस्त नैसर्गिक वायू आला आणि धंदा बसला. बेली स्वतःच वायूवरचे बंब करू लागले.

म्हणजे यंत्रणेचे मोल केवळ तिने किती ऊर्जा पकडली यावर ठरत नाही. ती ऊर्जा गरजेच्या वेळी मिळते का आणि तिच्याऐवजी कोणते इंधन वाचते, हेही पाहावे लागते.

आता आपल्या छपराचा हिशेब करू. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ४००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४.६ युनिट ऊर्जा लागते. हे काम साधारण २ चौरस मीटरचा सौर बंब स्वच्छ उन्हात एका दिवसात करतो. तेवढी वीज सौरपट्ट्यांनी करायची तर ५ ते ६ चौरस मीटर जागा हवी. छप्पर लहान असेल, तर पाण्यासाठी बंब आणि दिवे, पंखे, पंप यांसाठी पट्ट्या, ही वाटणी फायद्याची. पट्ट्यांवर सावली पडू नये, धूळ साचू नये. पाण्याचा पंप, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र ही कामे दुपारी उरकावीत.

विद्यार्थ्यांना आठवडाभर घरचा वीजमापक सकाळी, दुपारी, सूर्यास्ताला आणि झोपताना वाचायला सांगा. किती युनिट उन्हाच्या वेळी लागतात आणि किती अंधारात, हे कळले, की पट्ट्या किती घ्याव्यात याचे निम्मे उत्तर त्यांच्या वहीतच सापडेल.