दार्दानेल्सचे २६ सुरुंग

नेतान्याजवळच्या अविहायिल मोशावात ज्यू पलटणींचं संग्रहालय आहे. १९१५ साली गॅलिपोलीला गेलेली झायन म्यूल कोअर ही त्यांतली पहिली. ती तिथे का गेली, याचं उत्तर पाण्याखाली सापडतं.

दार्दानेल्सची सामुद्रधुनी किलितबहिर किल्ल्यापाशी जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद. तुर्कांनी तिथे सुरुंगांच्या रांगा आडव्या टाकल्या होत्या. सुरुंग म्हणजे तळाच्या वजनाला बांधलेला, पाण्याखाली तरंगणारा लोखंडी गोळा. जहाजाचं बूड लागलं की फुटायचा. सुरुंग जहाजांना अडवत आणि काठावरच्या तोफा सुरुंग काढणाऱ्यांना. इंग्रजांनी हे काम मासेमारी ट्रॉलरवर सोपवलं. तोफांच्या माऱ्यात कोळ्यांच्या बोटींनी तारेचा दोर ओढत फिरायचं! आम्हांला ही काटकसर आजही पटत नाही.

परतताना आरमार एरेनक्योय उपसागरात वळतं, हे तुर्कांनी हेरलं. ८ मार्चला पहाटे ‘नुसरत’ या छोट्या जहाजाने तिथे काठाला समांतर २६ सुरुंग पेरले. १८ मार्चला फ्रेंच ‘बुव्हे’ दोनेक मिनिटांत बुडालं, सहाशेंहून अधिक माणसांसह. ‘इररेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ही गेली.

समुद्राची वाट बंद झाली, म्हणून २५ एप्रिलला फौजा जमिनीवर उतरल्या. त्यांना पाणी आणि दारूगोळा पोचवायला खेचरं हवी होती. पॅटरसन आणि एका हाताचा ट्रम्पेलडोर यांची माणसं तीच हाकत होती. त्यांतल्या पुष्कळांना तुर्कांनीच पॅलेस्टाइनमधून हाकललं होतं.