विमुक्त

‘विमुक्त’ म्हणजे पूर्ण सुटलेला. ‘मुच्’ म्हणजे सोडणे. या धातूपासून आलेला हा शब्द मोक्षाच्या चर्चेतून थेट जातीच्या दाखल्यावर उतरला. त्याला कारण १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या पहिल्या भागात जमाती, दुसऱ्यात तृतीयपंथी. दोघांच्याही नावांच्या नोंदवह्या. नोंद झालेला तृतीयपंथी बायकी वेशात रस्त्यावर दिसला तरी विनावॉरंट अटक! पुढे सोलापुरात पारधी, कैकाडी या जमातींचे लोक तारेच्या कुंपणात डांबले गेले. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तरीही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, याचा मला संताप येतो.