राजाबाई मनोरा आणि त्यातील ग्रंथालय

आपल्या ज्ञातीच्या घराघरांतून एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आली आहे. ती अशी की, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील जातीजमातींचे जे पुतळे कोरलेले आहेत, त्यांपैकी पागोटे घातलेला एक पुतळा आपल्या ज्ञातीच्या पुरुषाचा आहे. प्रस्तुत लेखकाने ही गोष्ट लहानपणी आपल्या चुलत्यांच्या तोंडून ऐकली. पुढे ती आपल्या स्मरणिकांतून छापूनही आली. यंदा संपादक मंडळाने या वास्तूवर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम या गोष्टीचा छडा लावावा असे मनात आले. तो शोध कोठवर गेला हे पुढे येईलच. परंतु पुतळ्यापाशी पोहोचण्यापूर्वी मनोरा उभा कसा राहिला हे सांगणे प्राप्त आहे, आणि खरे पाहता ती हकीकतच अधिक मनोरंजक आहे.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. परंतु विद्यापीठ स्थापन झाले तरी त्याला बसावयास स्वतःची जागा नव्हती. ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ होते. अध्यापन महाविद्यालयांतून चाले आणि समारंभ टाउन हॉलमध्ये होत. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्या वेळी विद्यापीठाच्या मालकीची एक भिंतही उभी नव्हती. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी कोटाचे तट पाडण्यास प्रारंभ केला आणि पश्चिमेकडील मैदानाच्या कडेने नव्या सार्वजनिक इमारतींची ओळ योजली. सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, तारघर या त्याच ओळीतील होत. समुद्र त्या काळी आजच्यापेक्षा पुष्कळच जवळ होता.

जागा झाली, पैसा कोठून आला? तो आला अमेरिकेतील यादवीमुळे! १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळविले. या चारपाच वर्षांत मुंबईत सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंडांची जादा संपत्ती आली असे मानतात. या संपत्तीच्या लाटेवर आरूढ झालेला सर्वांत मोठा पुरुष म्हणजे सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकलेला हा दलाल तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लक्ष रुपये दिले. त्याच वर्षी आणखी २ लक्ष रुपये देऊन, ग्रंथालयास जोडून मोठे घड्याळ व घंटा असलेला मनोरा बांधावा आणि त्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी इच्छा त्यांनी प्रकट केली. ग्रंथालय हे नगरीचे भूषण व्हावे आणि येणाऱ्या पिढ्यांच्या विद्येचे कोठार बनावे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. राजाबाईंना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा जैन नियम पाळता यावा म्हणून घंटेची योजना झाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. स्वतःचे नाव मागे ठेवून आईचे पुढे केले एवढे मात्र निर्विवाद.

दात्याची स्तुती करून पुढे जाणे हा स्मरणिकांचा रिवाज आहे. परंतु येथे थांबणे भाग आहे. त्या काळच्या सट्ट्याचे स्वरूप असे की, बॅकबे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात विकला गेला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै रोजी वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उगवला, तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर ठरली. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली. तिच्या चौकशीत प्रेमचंदांवर ठपका आला, आणि तो अकारण आला असे म्हणता येत नाही. बँकेचे पैसे ज्यांच्या सल्ल्याने सैल हाताने वाटले गेले त्यांत ते अग्रभागी होते. किती गृहस्थांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली असेल! मनोऱ्याचा पाया ज्या संपत्तीवर उभा आहे तिच्या तळाशी हेही आहे. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रेमचंद स्वतः धुळीस मिळाले, पण पळून गेले नाहीत. पुढे साधेपणाने राहून ते १९०६ साली निवर्तले. आणि दिलेले दान सट्ट्यात गेले नाही. सारे बुडाले, ग्रंथालयाचे पैसे तेवढे राहिले.

इमारतीचा आराखडा लंडनचे विख्यात स्थापत्यविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. ते हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. कागदावर काढून पाठविलेल्या गॉथिक कमानी आणि गोल जिने येथील गवंड्यांनी, पाथरवटांनी कुर्ल्याच्या पिवळसर दगडात प्रत्यक्षात आणले; नाजूक कोरीवकामास पोरबंदरचा दगड वापरला. शेजारच्या पदवीदान सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी १ लक्ष रुपये दिले होते. ते १८७४ साली पुरे झाले. ग्रंथालय व मनोरा यांची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात स्कॉटसाहेब वारले. पुरी झालेली इमारत त्यांनी चित्रातही पाहिली नसावी. मनोऱ्याची उंची २८० फूट. त्या काळी मुंबईत याहून उंच वास्तू नव्हती.

आता पुतळ्यांकडे वळू. मनोऱ्यावर निरनिराळ्या उंचीवर चोवीस मानवाकृती आहेत. त्यांचे नमुने साहाय्यक अभियंता रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांनी तयार केले. आराखडा विलायतेचा, पण दगडातील चेहरे येथल्याच एका गृहस्थाने घडविलेले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांत कच्छी आहे, राजपूत आहे, प्रार्थना करीत असलेला पारशी आहे. इंग्रज राज्यकर्त्यांना त्या काळी जाती मोजण्याचा, त्यांचे नमुने मांडण्याचा मोठा सोस होता, आणि हे पुतळे त्या सोसाचेच अपत्य होय.

ग्रंथालय २७ फेब्रुवारी १८८० रोजी उघडले. रंगीत काचांची तावदाने, सागवानी छत, वरच्या मजल्यावरील लांबलचक वाचनदालन, सर्व काही होते. वाचक मात्र नव्हते! १९०२ सालच्या विद्यापीठ आयोगाने स्पष्टच नमूद केले की, मुंबईचा संग्रह लहान पण चांगला आहे. पदवीधर त्याचा उपयोग क्वचितच करतात आणि विद्यार्थी तर जवळजवळ नाहीच. केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठात याहून निराळे काय होणार? १८८३ साली स्त्रियांना परीक्षांची दारे उघडली, १८८८ साली कॉर्नेलिया सोराबजी पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परंतु ग्रंथालयात वर्दळ व्हावयास विद्यापीठात प्रत्यक्ष अध्यापन सुरू व्हावे लागले. १९१९ साली समाजशास्त्राचे अध्यापन पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आले, १९२४ साली ते मालवणच्या मातीतील गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे गेले. घुर्ये यांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ १९३२ साली निघाला. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ साली एम.ए. पदवी मिळविली. ज्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावर जाती दगडात उभ्या होत्या, तेथेच जातींचा शास्त्रीय विचार सुरू झाला!

ग्रंथसंग्रहही वाढत गेला. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ साली निघाली. भगवतसिंहजी आणि भडकमकर संग्रहांतील संस्कृत पोथ्यांची सूची प्रा. गो. वि. देवस्थळी यांनी १९४४ साली, तर इच्छाराम सूर्यराम देसाई संग्रहाची प्रा. ह. दा. वेलणकर यांनी १९५३ साली सिद्ध केली. अशा सूचीची पाने चाळली म्हणजे एकेका पोथीमागे किती डोळे शिणले असतील याची कल्पना येते. पुढे बहुतेक अध्यापन कालिन्यास गेले व तेथे नवे ग्रंथालय झाले. जुन्या वास्तूची पडझड टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साह्याने २०१५ पर्यंत दुरुस्त झाली, आणि २०१८ साली मैदानाभोवतालच्या इमारतींसह तिचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

असो. आपल्या ज्ञातीचा पुतळा सापडला काय? नाही. दुर्बीण घेऊन दोन सकाळी खाली उभे राहून पाहिले. पागोटी अनेक आहेत. परंतु त्यांतील अमुक एक आपले असे म्हणण्यास आधार नाही. जुनी वर्णने वाचली, त्यांतही आपले नाव आढळले नाही. सबब हे विधान आपल्या स्मरणिकेत यापुढे छापू नये अशी विनंती मी संपादक मंडळास केली, आणि ती, थोड्या वादानंतर, मान्य झाली.

काकांना हे सांगण्यास मन धजत नव्हते. ते आता नव्वदीत आहेत. ऐकून ते काही वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "अरे, पुतळा नसेल तर नसो. आत वाचायला कोण कोण जाऊन आले आपल्यातले, ते कोणी लिहून ठेवले आहे का?"

ते कोणीच लिहून ठेवलेले नाही. ज्या बंधुभगिनींच्या घरी वडीलधाऱ्यांची विद्यापीठ ग्रंथालयाची जुनी वाचकपत्रे, पदवीपत्रे अथवा टिपणवह्या असतील, त्यांनी त्यांच्या नकला संपादकांच्या पत्त्यावर पाठवाव्यात. मूळ कागद पाठवू नयेत.